गळतीचा ऑक्टोबर

ऑक्टोबर आला की माझं डोकं तापतं. घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटला पश्चिमेची खिडकी आहे. दसऱ्याच्या सुमारास दुपारचं ऊन तिच्यातून आत येतं, सोफ्यावर बसतं आणि संध्याकाळपर्यंत उठत नाही. खाली रस्त्याचं काम कायमचंच, त्याची धूळ पडद्यांवर. पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही. लोकांना या दिवसांत नवरात्राचे नऊ रंग आठवतात, झेंडूची तोरणं आठवतात. मला कांद्याचा रस आठवतो, एरंडेल आठवतं आणि काही माणसं आठवतात. त्या माणसांना मी अजून माफ केलेलं नाही. घाईही नाही.

माझी मुलगी ओवी आता चार वर्षांची आहे. ती व्हायच्या आधीचे काही महिने मी आयुष्यातले सगळ्यात सुंदर केस घेऊन फिरत होते. मुळात माझे केस बेताचेच. पण पाचव्या महिन्यापासून काय झालं कोण जाणे, रबराचे तीन वेढे बसायचे तिथे दोनच बसायला लागले. वेणी हाताला जड लागायची. ऑफिसातल्या मुली लिफ्टमध्ये विचारायच्या, "शीतल, कुठला शाम्पू गं?" मी खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. पोट वाढत होतं, पाय सुजत होते, पण आरशात खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी बघितली की सगळं चालून जायचं.

डोहाळेजेवण डोंबिवलीला, सासरी झालं. वेणीत फुलं माळली होती. सासूबाईंनी ती वेणी उचलून जमलेल्या बायकांना दाखवली. "आमच्याकडचं तूप हो! माहेराहून आली तेव्हा उंदराची शेपटी होती नुसती." सगळ्या हसल्या. माझी आई, मी तिला मम्मी म्हणते, समोरच ओटीचं ताट घेऊन बसलेली. तीही हसली. मम्मी अशा ठिकाणी हसतेच. शेजारच्या काकूंनी लगेच भाकीत केलं, "एवढं तेज आलंय केसांना, म्हणजे मुलगाच. मुलगी असली की आईचं रूप ओढून घेते."

जूनमध्ये ओवी झाली. त्या काकूंचा फोन आला. "असू दे गं, पहिली बेटी," म्हणाल्या. जणू मी माफी मागितली होती.

बाळंतपण खरं तर माहेरी, कोपरीला व्हायचं. पण मम्मी मे महिन्यात चाळीच्या जिन्यावरून घसरली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. मग सासूबाई आपले स्टीलचे डबे घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. त्यांनी कष्ट केले नाहीत असं मी म्हणणार नाही. अहाळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, ओवीची आंघोळ, मला ओव्याची आणि बाळंतशोपांची धुरी. सगळं वेळच्या वेळी. पण कानाला रुमाल बांधून, डोकं न धुता, चोवीस तास पंखा बंद खोलीत. टाळूला खाज सुटायची तेव्हा मी विणकामाच्या सुईने रुमालाखालून खाजवायचे. "डोकं गार पडलं की जन्मभर दुखतं," सासूबाई म्हणायच्या. माझं डोकं त्या खोलीत जेवढं दुखलं तेवढं जन्मात दुखलं नव्हतं.

मग ओवी हसायला लागली. पंख्याकडे बघून, पडद्याकडे बघून, माझ्याकडे बघून. आणि त्याच सुमारास एक दिवस आंघोळ करताना माझ्या बोटांत केस आले. चार-पाच नाही, जुडी. मी हात पाण्याखाली धरला, ती जुडी वाहून जाळीवर जाऊन बसली. पुन्हा डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा जुडी. मी नळ बंद केला आणि तशीच उभी राहिले. बाहेरून सासूबाई विचारत होत्या, "झालं का? पोरगी उठलीये."

त्यांना सांगितलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतातच." म्हणजे त्यातही पोरीचाच दोष.

मग केस सगळीकडे झाले. उशीवर, ओवीच्या दुपट्यात, तिच्या मिटलेल्या मुठीत. फरशी पुसणाऱ्या बाईच्या फडक्याला. ऑफिसला अजून जायचं नव्हतं म्हणून बरं, पण लसीकरणाला जाताना आमच्या लिफ्टमध्ये उभं राहावं लागायचं. त्या लिफ्टच्या आरशावर वरून दिवा पडतो. त्या उजेडात मला माझं कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकलेलं दिसायचं आणि मधोमध भांग रुंद, पांढरा. शेजारच्या विंगमधली एक बाई रोज भेटायची. एकदा तिने माझ्या डोक्याकडे बघत विचारलं, "सब ठीक है ना?" मी ओवीच्या टोपीची नाडी बांधत राहिले.

प्रशांत, माझा नवरा, म्हणाला, "हार्मोन्स गं. नॉर्मल असतं." फोनमध्ये बघत म्हणाला. खरंच होतं ते. पण खरं बोलणाऱ्या माणसाने निदान मान वर करावी.

ज्याला त्याला कारण माहीत होतं. अंगावर पाजतेस म्हणून. फोन बघतेस म्हणून. बोअरिंगचं पाणी. शाम्पू. टेन्शन. "एवढं कसलं टेन्शन गं तुला? सगळं तर आयतं मिळतंय," हे माझी नणंद म्हणाली, पुण्याहून, व्हिडिओ कॉलवर. सासूबाईंनी उपाय सुरू केले. आधी माक्याचं तेल, मग एरंडेल, मग कांद्याचा रस. तो रस डोक्यावरून कानामागे ओघळायचा. पहिल्याच दिवशी ओवीने दूध प्यायला तोंड पुढे केलं, वास घेतला आणि मान फिरवली. मी पुन्हा जवळ घेतलं, तिने पुन्हा मान फिरवली आणि रडायला लागली. मी उठले, सरळ डोकं धुतलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. भिंतीशी बोलायच्या. "आपण करायला जावं आणि लोकांनी धुऊन टाकावं."

शेवटी मी एकटीच ठाण्यात एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी टाळू बघितली, रक्त तपासायला सांगितलं आणि समजावलं. एरवी रोज थोडे थोडे केस गळतातच, पण गर्भारपणात ते गळणं थांबतं. म्हणून केस दाट वाटतात. बाळंत झाल्यावर काही महिन्यांनी ते थांबलेले सगळे एकदम गळतात. तेल लावून थांबत नाहीत, न लावून वाढत नाहीत. परत येतात. "घाबरू नका," म्हणाल्या. मी रिक्षात बसले तेव्हा मला रडू आलं. इतकी साधी गोष्ट! माझ्या वेणीकडे बघून कौतुक करणाऱ्या त्या खोलीभर बायकांमध्ये, प्रत्येकीला मुलं असताना, एकीनेही ही उच्चारली नव्हती.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी विचारलं, "त्या डॉक्टरला मुलं आहेत का?"

त्याच आठवड्यात प्रशांतचे मामा जेवायला आले. आमटीचा वाडगा सासूबाईंच्या पुढ्यात होता. त्यांनी दोन बोटांनी आमटीतून एक लांब केस उचलला, ट्यूबलाइटकडे धरला आणि ताटाच्या कडेला ठेवला. मग मामांकडे बघून म्हणाल्या, "आमच्याकडे सध्या केसांची फोडणी असते हो." मामा हसले. मामी हसल्या. प्रशांतही हसला. मी मांडीवरच्या ओवीला घेऊन आत गेले. मागून मामींचा आवाज आला, "रागावली वाटतं. गंमत केली गं!"

ती गंमत मला अजून ऐकू येते.

आणि मग ती दुपार. खिडकीतून ऊन आलेलं, ओवी नुकतीच झोपलेली. एकदम किंचाळून उठली. घेतलं, थोपटलं, पाजायला बघितलं, काही नाही. ते रडणं नेहमीचं नव्हतं. श्वास अडकेपर्यंत रडायची, क्षणभर थांबायची, पुन्हा सुरू. "पोटात दुखतंय, हिंग लाव बेंबीला," सासूबाई म्हणाल्या. लावला. "दृष्ट लागलीये." मीठ-मोहरी ओवाळून गॅसवर टाकली, घरभर तिखट धुराचा खाट सुटला, त्याने ती आणखी रडली. मी तिचे कपडे उतरवायला लागले. सगळे. मुंगी चावली असेल, पिन टोचली असेल. झबलं काढलं, लंगोट काढला. राहिले पायातले लोकरीचे मोजे. सासूबाईंनी स्वतः विणलेले.

"मोजे राहू देत, पाय गार पडतील."

"आई, बाहेर भट्टी पेटलीये."

मी मोजा ओढला. तिच्या पायाचं मधलं बोट जांभळं झालं होतं. सुजून दुप्पट. बोटाच्या मुळाशी एक खोल रेघ होती आणि त्या रेघेत, मांसात रुतलेला, माझा केस.

मी नखाने उचलायला गेले, तो दिसेनासा झाला. आम्ही तशाच निघालो. मी घरच्या गाऊनवर ओढणी टाकून, सासूबाई चपला उलट्यासुलट्या घालून. रिक्षा मिळाली आणि पुढच्याच सिग्नलला अडकली. घोडबंदर रोडवर दुपारीही गाड्या हलत नाहीत. ओवीचं रडणं आता बारीक झालं होतं, ते मला जास्त भयंकर वाटलं. मी रिक्षातून उतरले आणि सर्व्हिस रोडने पळत सुटले. टाके पडून चार महिने झालेले, पोटरीत गोळे येत होते. मागून सासूबाई धापा टाकत येत होत्या. त्यांची हाक ऐकू येत होती, "सांभाळून! अगं सांभाळून!" मी वळून बघितलं नाही.

मुलांच्या डॉक्टरांनी भिंग लावलं, बारीक चिमटा घेतला. मला तिचे खांदे धरायला लावले. बराच वेळ लागला. मग त्यांनी चिमटा वर धरला. त्यात अख्खा वळसा होता. काही वेळाने बोट लाल झालं, मग गुलाबी. "वेळेवर आणलंत," ते म्हणाले. "या दिवसांत आईचे केस गळत असतात. मोज्यात, हातमोज्यात अडकतात. घालताना उलटे करून बघत जा."

आम्ही बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. ओवी हुंदके देत दूध प्यायला लागली. सासूबाई पदराने मान पुसत होत्या. मग त्यांनी म्हटलं, हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुझा केस. पोरीचं बोट गेलं असतं."

"आणि तुमचा मोजा," मी म्हणाले.

बाकावरच्या सगळ्या आया आमच्याकडे बघायला लागल्या. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की सांगू शकत नाही. आजही वाटतं.

प्रशांत ऑफिसातून धावत आला. आम्हा दोघींकडे बघून म्हणाला, "तुम्ही दोघी आधी शांत व्हा." ओवीचं बोट कसं आहे, हे त्याने त्यानंतर विचारलं. मी ते क्रमाने लक्षात ठेवलं आहे.

त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं की मी केस कापणार. अगदी बारीक. सासूबाईंनी घास खाली ठेवला. "वर्षाच्या आत बाळंतिणीच्या डोक्याला कात्री लावत नाहीत. आणि दिवाळी तोंडावर. माणसं येणार घरी." प्रशांत म्हणाला, "जरा थांब ना. आईला वाईट वाटेल." कुणाच्या डोक्यावरच्या केसांविषयी बोलणं चाललंय हे मला क्षणभर कळेना.

दुसऱ्या दिवशी मी ओवीला घेऊन कोपरीला गेले. मम्मीचं प्लास्टर निघालं होतं, काठी घेऊन घरात फिरायची. तिने सगळं ऐकलं, ओवीचं बोट दहा वेळा बघितलं, त्यावर ओठ टेकले. मग विचारलं, "सासूला विचारलंस?"

"केस माझ्या डोक्यावरचे आहेत, मम्मी."

"डोकं तुझंच गं. पण राहायचं त्यांच्यात आहे."

मला तिचाही राग आला. मी पिशवी उचलली. ती काठी घेऊन माझ्याबरोबर जिना उतरली. एकेक पायरी, कठड्याला धरून. त्याच जिन्यावर ती पडली होती.

गल्लीच्या तोंडाशी एक लेडीज पार्लर आहे. तिथल्या मुलीने माझे केस हातात घेऊन बघितले. "ताई, खांद्यापर्यंत ठेवू या ना. नंतर पस्तावाल." मी म्हटलं, "मुलांसारखे काप." मम्मी शेजारच्या खुर्चीवर ओवीला मांडीवर घेऊन बसली. कात्रीचा आवाज यायला लागला तशी ओवी आरशात माझ्याकडे टक लावून बघायला लागली, मग हसली. मोठ्याने. पार्लरमधल्या मुलीने कापलेली शेपटी रबर लावून माझ्यापुढे धरली. "पॅक करून देऊ? बऱ्याच जणी आठवण म्हणून ठेवतात."

मी बोलायच्या आत मम्मी म्हणाली, "कचऱ्यात टाक."

मी आरशातून तिच्याकडे बघितलं. ती ओवीच्या झबल्याची बटणं लावत होती.

संध्याकाळी घरी आले. सासूबाईंनी दार उघडलं आणि दाराला धरूनच उभ्या राहिल्या. "कोण गेलं गं तुझं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "सगळे आहेत अजून. तोच तर त्रास आहे."

दुसऱ्या सकाळी त्यांनी डबे भरले. प्रशांत त्यांना डोंबिवलीला सोडून आला. त्या दुपारी घरात मी आणि ओवी, दोघीच. खिडकी सताड उघडी, पंखा पाचवर. मी डोकं धुतलं. पाणी थेट टाळूला लागलं. टॉवेलने पुसलं की वाळलं. मी ओवीला पोटाशी घेऊन फरशीवर पडले, ओल्या मानेला वारा लागत होता, आणि कितीतरी महिन्यांनी मला माझं शरीर माझ्या ताब्यात आहे असं वाटलं.

प्रशांत पुढचे काही दिवस हॉटेलात जेवल्यासारखा माझ्यासमोर जेवायचा. मग एकदा मी पाहिलं, तो ओवीला बाहेर न्यायला तयार करत होता आणि घालायच्या आधी मोजा उलटा करून उजेडात बघत होता. कुणी सांगितलेलं नसताना. तेवढ्यावर आमचा संसार पुढे सरकला. माफी वगैरे कुणी मागितली नाही.

केस परत आले. आधी कपाळावर ताठ उभे राहिले, कितीही दाबले तरी. मग कानावर आले, मग मानेवर. आणि तीच माणसं, अगदी तीच, म्हणायला लागली, "बघ, आले की नाही? उगाच कापलेस. उगाच एवढं केलंस." राग माणसाला किती वर्षं पुरतो? मला वाटतं, असं म्हणणारे आजूबाजूला असेपर्यंत.

हे सगळं आता आठवायचं कारण, गेल्या रविवारी डोंबिवलीला पुन्हा डोहाळेजेवण झालं. माझ्या जावेचं, मयूरीचं. प्रशांतच्या धाकट्या भावाची बायको. सातवा महिना. हॉलमध्ये एसी चालत नव्हता, बायका हातातल्या आमंत्रणाने वारा घेत होत्या. मयूरीचे केस मांडीपर्यंत, गजरे कमी पडले इतके दाट. सासूबाई तिच्यामागे उभ्या राहून सांगत होत्या, "बघा, बघा." सगळ्या बघत होत्या.

मयूरी मानेवरचा घाम टिपत माझ्याकडे वळली. "वहिनी, तुमचे गळलेले ना नंतर? माझे पण गळतील?"

सासूबाई पटकन म्हणाल्या, "आज कशाला ते विषय? चांगलं बोलावं."

"गळतील," मी म्हणाले. "मुठीमुठीने. हे आत्ता एवढे दाट दिसतायत ना, तेच. आंघोळीला घाबरशील. मग परत येतील. आणि कुणी काहीही सांगितलं तरी तुझ्यामुळे किंवा बाळामुळे झालं असं मानायचं नाही."

कुणीतरी बांगड्या मागे सारल्या. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता भिंतीशी बोलतील. पण त्या माझ्याशीच बोलल्या.

"प्रशांतच्या वेळी माझा भांग एवढा रुंद झालेला," त्यांनी दोन बोटं धरून दाखवली, "की वर्षभर मी घरातसुद्धा डोक्यावरून पदर घेऊन वावरले. माझ्या सासूबाई कौतुकाने सगळ्यांना सांगायच्या, सुनेला काय वळण आहे."

एकदोघी हसल्या. त्या हसल्या नाहीत.

"हे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला, चढू दिला. "तरी मला का नाही सांगितलंत?"

"मला कुणी सांगितलेलं?"

त्या हे रागानेच म्हणाल्या. त्यांना माझी दया नको होती आणि माझ्याकडे ती नव्हतीही. पदराखालची ती वर्षभराची बाई मला दिसली, आणि माझा राग कमी व्हायच्या ऐवजी आणखी वाढला. फक्त तो आता एकट्या त्यांच्यावर मावेना.

ओटीची ताटं तशीच पडली होती. मयूरी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिने केसांतला घसरलेला गजरा ओढून काढला आणि मांडीवर ठेवला.

"वहिनी," ती म्हणाली, "अजून काय काय आहे, जे मला कुणीच सांगितलेलं नाहीये?"

"आधी पानं वाढून घ्या गं," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हललं नाही. सासूबाईही नाहीत.

मी प्लास्टिकची एक खुर्ची ओढून मयूरीच्या समोर बसले.

"टाक्यांपासून सुरू करते," मी म्हटलं.